चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी: ऑक्टोबर ते एप्रिलच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४: आधी माशांची यादी

जागा ठाण्यातला फ्लॅट, दुसरा मजला. टाकीची ऑर्डर द्यायच्या आधी माशांची यादी पक्की केली. टाकी, दगड, वाळू सगळं झाल्यावर "आता मासे कोणते?" असं विचारलं की दुकानात जे दिसेल ते घरी येतं. मासे एकमेकांशी जुळतील का, हे जातींच्या तक्त्यावरून निम्मंच कळतं. उरलेलं निम्मं टाकीतल्या जागेवर आणि मासे कोणत्या क्रमाने सोडले त्यावर ठरतं. म्हणून कोण कुठे राहणार हे आधी ठरवायचं आणि दगड त्याप्रमाणे रचायचे.

टाकी फक्त माशांची असेल, प्रवाळ नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ ने खडक बांधणारे प्रवाळ, समुद्री घोडे आणि समुद्री काकड्या संरक्षित आहेत. मेलेलं, वाळलेलं प्रवाळही त्यातून सुटत नाही. त्यामुळे दुकानात "लाइव्ह रॉक" (समुद्रातून काढलेला प्रवाळाचा दगड) किंवा "कोरल"चे तुकडे दिसले तरी घ्यायचे नाहीत. दगड कृत्रिम, सिरॅमिकचे. वाळू पाकीटबंद ॲरागोनाइटची. चौपाटीवरची वाळू तर मुळीच नको, ती बहुतांशी सिलिकाची असते आणि तिच्यात काय काय मुरलेलं असेल ते सांगता येत नाही.

यादी, कंसात पूर्ण वाढ:

ओसेलॅरिस क्लाउनफिश, दोन (८ ते ११ सेंमी). वरचा कोपरा. ॲनिमोन (निसर्गात हा मासा ज्याच्या आडोशाला राहतो तो समुद्री जीव) लागत नाही, टाकीतला कुठलाही आडोसा ते आपला मानतात.

फायरफिश, एक (९ सेंमी). दगडापुढे अधांतरी तरंगतो, पळून शिरायला बीळ लागतं. त्याच जातीचे दोन आणले तर बहुधा एकच उरतो.

बांगाई कार्डिनल, एक (८ सेंमी). दिवसा कपारीच्या सावलीत. हा मासा निसर्गात इंडोनेशियातल्या बांगाई बेटांभोवतीच सापडतो आणि धोक्यात आहे, म्हणून टाकीत पैदास झालेलाच घ्यायचा.

पिवळा वॉचमन गोबी, एक (१० सेंमी), आणि त्याच्याबरोबर एक टायगर पिस्तुल कोळंबी. दोघांचं बीळ एकच, वाळूत.

कोरल ब्युटी, एक (१० सेंमी). बुटका एंजल. दिवसभर दगड चरत फिरतो.

बाद केलेले: डोमिनो डॅमसेल (स्वस्त आणि चिवट, पण मोठा झाला की टाकी एकट्याची समजतो), निळा टँग (३० सेंमीपर्यंत वाढतो, त्याला सहा फुटांखाली टाकी देऊ नये), क्लीनर रास आणि मँडरिन (बहुतेक वेळा उपाशी मरतात), सिक्सलाइन रास (पहिले सहा महिने शहाणा, नंतर नाही).

पाच जाती, पाच जागा. चाळीत खोल्या वाटून द्याव्यात तसं.

१२ ऑक्टोबर: वजन, स्टँड, टाकी

टाकी १२० × ४५ × ४५ सेंमी, काच १० एमएम, वर आडव्या पट्ट्या. खाली सम्प (गाळणीची दुसरी टाकी, वरचं पाणी इथे उतरतं आणि पंपाने परत वर जातं) ७५ × ३५ × ३५ सेंमी.

वजनाचा हिशोब: काच ५० किलो, टाकीतलं पाणी सुमारे १८५, दगड २२, वाळू ३०, स्टँड ४५, सम्प पाण्यासकट ७०. एकूण चारशे किलोच्या आसपास, आणि टाकीचा तळ अर्ध्या चौरस मीटरच्या थोडा वर. घरांच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ मध्ये धरलेला चल भार चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो. तो सगळ्या खोलीवर पसरलेला धरतात, त्यामुळे चार फुटी टाकी लगेच धोकादायक ठरत नाही. पण खोलीच्या मधोमध ठेवायची नाही. इथे बीमला लागून भिंतीशी ठेवली. जुनी इमारत किंवा याहून मोठी टाकी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

स्टँड ४० × ४० एमएम चौकोनी पाइपचा, २ एमएम जाडीचा. रेड ऑक्साइडचे दोन हात, वर इपॉक्सी रंग. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे साध्या ऑइल पेंटला वर्षभरात फोड आणतात. पातळी लांबीत ३ एमएम उतरती निघाली. दुरुस्ती स्टँडच्या पायाखाली पॅकिंग घालून केली. टाकी आणि प्लाय यांच्यामध्ये पॅकिंग घातलं तर काचेवर एकाच जागी ताण येतो. प्लायवर १० एमएम थर्मोकोल.

गोड्या पाण्याने भरून ४८ तास ठेवली. गळती नाही.

१९ ऑक्टोबर: लाइट गेल्यावर काय होतं

पाइपकाम पूर्ण. टाकीच्या मागे ओव्हरफ्लो बॉक्स (वरचं पाणी सम्पकडे सोडणारा), ३२ एमएमचा मुख्य निचरा आणि त्याच मापाचा आपत्कालीन पाइप. रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी परत वर नेणारा) ताशी २,५०० लिटरचा. सव्वा मीटर उंची आणि दोन एल्बो धरून बादली-घड्याळाने मोजला तर ताशी सुमारे १,२०० लिटर. सम्पला तेवढं पुरेसं आहे. टाकीतला प्रवाह दोन पॉवरहेड (पाण्यात बुडवलेले छोटे पंप) देतील.

मग मुद्दाम पंप बंद केला. सम्प काठोकाठ भरला आणि फरशीवर पाणी आलं.

कारण साधं होतं. रिटर्नचं तोंड पाण्याच्या पातळीखाली ७ सेंमी होतं. पंप थांबला की तोच पाइप सायफन होऊन उलटा वाहतो आणि त्याचं तोंड उघडं पडेपर्यंत टाकी रिकामी करत राहतो. टाकीचं आतलं क्षेत्रफळ ११८ × ४३ सेंमी, म्हणजे दर सेंमीला ५ लिटर. ७ सेंमी म्हणजे ३५ लिटर. सम्पमध्ये तेच पाणी १४ सेंमी चढतं. सम्पची चालती पातळी २० सेंमी, काठ ३४ वर. त्यात पाइपांमधलं पाणी आलं ते वेगळंच.

तोंड पातळीखाली २ सेंमीवर आणलं. आता ओव्हरफ्लोच्या कंगव्यापर्यंत (बॉक्सच्या दातेरी कडेपर्यंत) धरून ३ सेंमी पाणी उतरतं: १५ लिटर, सम्पमध्ये ६ सेंमी. सहा वेळा पंप बंद-चालू करून पाहिला, पातळी दरवेळी २६ ते २७ च्या दरम्यान थांबली. सम्पवर मार्करने दोन रेघा ओढल्या, "चालू" आणि "बंद". चालू रेघेच्या वर पाणी कधीही भरायचं नाही.

रिटर्न पाइपला ४ एमएमचं हवेचं भोकही पाडलं आहे, पण भरवसा तोंडाच्या उंचीवर. भोक शेवाळाने बुजतं, आणि नॉन-रिटर्न व्हॉल्वमध्ये चुना साचला की तो नीट मिटत नाही.

वीज: ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), सगळे प्लग पाण्याच्या पातळीपेक्षा वर, आणि प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली लोंबणारा झोल, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी सॉकेटऐवजी जमिनीवर टपकेल. एक पॉवरहेड इन्व्हर्टरवर. २७ अंशांच्या समुद्री पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम मावतो. पाणी हललं नाही तर मासे आधी गुदमरतात, गाळणीची काळजी नंतरची.

२६ ऑक्टोबर: पाणी आणि मीठ

समुद्राचं पाणी आणायचं नाही हे आधीच ठरलं होतं. मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी आणि गाळ असतो, पावसाळ्यात तर त्याचा खारटपणाही घसरतो.

घरच्या आरओच्या नळातून थेट घेतलं तर चव यावी म्हणून घातलेलं मिनरल कार्ट्रिज आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर वाटेत येतात. म्हणून मेंब्रेननंतर टी-जोड टाकून त्यापुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणारा) डबा लावला. टीडीएस: नळ ८४, मेंब्रेननंतर ७, डीआयनंतर ०. डीआयनंतर १ किंवा २ दिसायला लागले की रेझिन बदलायचं. आरओचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला आणि फ्लशला.

टाकी आणि सम्प मिळून प्रत्यक्ष पाणी सुमारे २३५ लिटर. लिटरला ३८ ग्रॅम सॉल्ट मिक्स, एकूण ९ किलो. ८० लिटरच्या ड्रममध्ये तीन खेपा. आधी पाणी, मग पंप चालू, मग मीठ थोडं थोडं. मिठावर पाणी ओतलं तर तळाशी कॅल्शियम कार्बोनेट पांढरं साकळतं आणि ते परत विरघळत नाही.

रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) आरओच्या पाण्यावर शून्याला लावून मग ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) प्रमाणित द्रावणावर पाहिला: ३३ दाखवत होता. तसाच वापरला असता तर टाकी ३७ वर गेली असती. स्क्रू ३५ वर फिरवला. इथून पुढे प्रमाणित द्रावणावरच, महिन्यातून एकदा.

२७ ऑक्टोबर: दगड आणि वाळू

दगड थेट काचेवर, मध्ये प्लॅस्टिकच्या जाळीचा तुकडा. वाळू नंतर. आधी वाळू आणि वर दगड अशी रचना केली तर पिस्तुल कोळंबी खालून उकरते आणि एके रात्री डोलारा कोसळतो.

दोन वेगळे ढीग, मध्ये २० सेंमी मोकळी वाट. डावीकडचा उंच, मागे छज्ज्यासारखी सावलीची कपार: कार्डिनल. उजवीकडचा बुटका, त्याला समोरून बोटभर रुंदीची तीन बिळं: फायरफिश. उजवीकडचा वरचा कोपरा मोकळा: क्लाउन. समोरून पाहिल्यावर एका ढिगातला मासा दुसऱ्या ढिगातल्याला पाहू शकत नाही. हे शोभेसाठी केलेलं नाही. पाठलाग होतो तो समोर दिसलेल्याचा.

जोडांना सुपरग्लू जेल आणि वर इपॉक्सी पुट्टी.

वाळू ३० किलो, पाच सेंमी थर. त्यात दोन मूठ वाटाण्याएवढे खडे मिसळले. नुसत्या बारीक वाळूत बिळाचं छत टिकत नाही, कोळंबी खडे वेचून छताला टेकू लावते. पाणी गढूळ, दोन दिवसांत निवळेल.

२ नोव्हेंबर: सायकल सुरू

सायकल म्हणजे विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत वाढवणं. अमोनियम क्लोराइड १.५ ग्रॅम, म्हणजे २३५ लिटरमध्ये अमोनिया २ पीपीएम (दशलक्ष भागांत २). बाटलीतले नायट्रिफाय करणारे जिवाणू. तापमान २७. दिवे बंद, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद. सम्पमध्ये दोन स्पंज टाकून ठेवले, त्यांचा उपयोग पुढे.

डॅमसेल टाकून सायकल करायची पद्धत अजून चालते. त्यात मासा जळतो, आणि जगला तर टाकीचा पहिला मालक होऊन बसतो.

१६ नोव्हेंबर

अमोनिया ०.२५. नायट्राइट किटच्या टोकाला, ५. नायट्रेट ५० च्या वर दिसतं, पण ते खोटं आहे: नायट्रेटचा टेस्ट नायट्राइटलाही रंग देतो. नायट्राइट शून्य होईपर्यंत नायट्रेट मोजण्यात अर्थ नाही.

२९ नोव्हेंबर: सायकल पूर्ण

२३ तारखेला पुन्हा १.५ ग्रॅम, काल रात्री पुन्हा १.५ ग्रॅम. आज २४ तासांनी अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २०. पडताळणी: १ पीपीएम अमोनियातून ३.६ पीपीएम नायट्रेट होतं. तीन वेळा मिळून ६ पीपीएम घातलं, उत्तर २२. जमलं.

मासे येईपर्यंत जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून आठवड्याला ०.४ ग्रॅम.

३० नोव्हेंबर: क्वारंटाइन, पहिली तुकडी

६० लिटरची मोकळी टाकी. वाळू नाही, दगड नाही (दोन्ही औषधाचं तांबं शोषून घेतात), पीव्हीसी एल्बो आडोशाला, वर जाळी, आणि सम्पमध्ये जिवाणू मुरलेला एक स्पंज.

कार्डिनल, फायरफिश, वॉचमन गोबी. दुकानात तिघांनाही खाताना पाहिल्यावरच पिशव्या बांधल्या. दुकानातल्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व (खारटपणाचं दुसरं माप) १.०१९ होतं. बरेच दुकानदार खारटपणा कमी ठेवतात: मिठाचा खर्च वाचतो आणि परजीवीही थोडे दबतात. म्हणून क्वारंटाइनचं पाणी आदल्या रात्रीच १.०१९ वर आणून ठेवलं होतं. पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवलं, उघडली आणि मासे लगेच पाण्यात. पिशवीचं पाणी फेकलं.

थेंब थेंब पाणी मिसळत तासभर बसायची रीत लांबच्या प्रवासाच्या माशांना घातक आहे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. मासा त्यातच तासभर बसतो. खारटपणा आता रोज ०.००१ ने वाढवायचा, १.०२५ पर्यंत.

औषध म्हणून चिलेटेड (दुसऱ्या रसायनात बांधलेलं) तांबं चार दिवसांत चढवून २.२५ पीपीएम, तिथून ३० दिवस. सफेद ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी क्रिप्टोकॅरिऑन आणि मखमली रोगाचा ॲमिलुडिनियम, दोन्हींसाठी. तांब्याच्या पाण्यात अमोनिया बांधणारं कंडिशनर घालायचं नाही, त्याने तांबं एकदम विषारी होऊ शकतं. मुख्य टाकीत तांब्याचा थेंबही नाही.

कोळंबीला तांबं म्हणजे मरण. तिला वेगळ्या २५ लिटरच्या डब्यात, मासे नसलेल्या पाण्यात, २७ अंशांवर ४५ दिवस. कवचावर चिकटून आलेल्या परजीवींना मासा मिळाला नाही की ते संपतात.

१४ डिसेंबर

मुख्य टाकीत वाळूवर तपकिरी थर: डायटम. नव्या टाकीत येतोच, सिलिका संपली की जातो. औषध नाही. दिवे सहा तासांवर. स्किमर सुरू केला, आठवडाभर नुसता फेस ओसंडेल.

खाणं: फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव), आणि बाजारातला ताजा जवळा धुऊन पातळ थरात गोठवलेला, नखाएवढे तुकडे. सुका जवळा नको, त्यात मीठ असतं. तिघेही खातात. गोबी सर्वांत शेवटी, तळाला पडल्यावर.

३ जानेवारी २०२५

पहिली तुकडी मुख्य टाकीत. संध्याकाळी, दिवे बंद करून.

५ जानेवारी: फायरफिश गेला

टाकीमागे फरशीवर वाळलेला सापडला. वर ६ एमएमची जाळी आहे, पण रिटर्न पाइपसाठी कापलेली खाच पाइपपेक्षा बरीच रुंद होती. उरलेल्या फटीतून गेला. फायरफिश घाबरला की सरळ वर उडी मारतो आणि काचेच्या कडेने फट शोधतो, हे माहीत असूनही खाच तशीच राहिली होती. जाळीचा तुकडा झिप-टायने बांधून फट बंद. नियम: पेन्सिल आत जात असेल तर मासा बाहेर येतो.

दुसरा फायरफिश एकट्यासाठी ३० दिवस लावून नाही, एंजलबरोबर आणायचा.

१५ जानेवारी

कोळंबी सोडली, गोबीच्या जागेपासून वीतभर अंतरावर. चार तासांत दोघं एकत्र. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती बुलडोझरसारखी वाळू ढकलत बाहेर येते तेव्हा तिची एक मिशी सतत गोबीच्या शेपटीवर टेकलेली असते. गोबीने शेपूट थरथरवली की ती मागच्या मागे आत. रात्री टकटक आवाज येतो तो तिच्या नांगीचा. काच तडकलेली नाही.

६ फेब्रुवारी: क्लाउनफिश

४ जानेवारीला क्वारंटाइनमध्ये आलेली जोडी आज मुख्य टाकीत. दोघंही टाकीत पैदास झालेली पिल्लं, एक ५ सेंमी, एक ३. मुद्दाम असमान. क्लाउनफिश सगळे नर म्हणून मोठे होतात, जोडीतला थोरला मादी होतो. सारख्या मापाचे दोन आणले की ती पायरी ठरेपर्यंत मारामारी. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे, त्यामुळे जाळ्यातला मासा घ्यायचं कारण उरत नाही.

क्लाउन मुद्दाम उशिरा. आधी सोडले असते तर अर्धी टाकी त्यांची झाली असती. आता लाजाळू मासे आपापल्या जागी बसलेले आहेत. धाकटा मोठीसमोर आडवा होऊन थरथरतो: शरणागती. ठीक चाललं आहे. कोपरा मात्र ठरवलेला घेतला नाही, रिटर्नच्या तोंडाखाली राहतात.

१६ मार्च: एंजल आणि दुसरा फायरफिश

८ फेब्रुवारीपासून क्वारंटाइन. बुटक्या एंजलना तांबं सोसत नाही म्हणून चार ऐवजी सात दिवसांत चढवलं होतं.

फायरफिश कालच सोडला, तो सरळ उजव्या ढिगाच्या मधल्या बिळात. एंजल आज, भोकं पाडलेल्या ॲक्रिलिक डब्यात, डाव्या ढिगावर. मोठी क्लाउन डब्यावर दोन तास धडका देत होती. कार्डिनलने ढुंकून पाहिलं नाही.

१९ मार्च

धडका थांबल्या. डबा उघडण्याआधी डाव्या ढिगावरचे वरचे दोन सुटे दगड हलवले, म्हणजे क्षणभर सगळेच पाहुणे. एंजल बाहेर आला आणि दहा मिनिटांत दगड चरायला लागला. कार्डिनलला एकदा हुसकावलं, तो कपारीत मागे सरकला, एंजल पुढे गेला. शेपट्या-पर शाबूत.

३० मार्च: उन्हाळा

दुपारी पाणी ३०.५. सम्पवर १२ सेंमीचे दोन पंखे, थर्मोस्टॅट २७.५ वर. दोन तासांत उतरलं. पण बाष्पीभवन दिवसाला २ लिटरवरून साडेचारवर गेलं. पाणी उडतं, मीठ उडत नाही: साडेचार लिटर भरले नाहीत तर ३५ चं एका दिवसात ३५.७. ऑटो टॉप-अपचा २० लिटरचा कॅन चार दिवस पुरतो, आणि त्यात फक्त डीआयचं पाणी. टॉप-अपचा पाइप पाण्यात बुडालेला नको, नाहीतर तोही सायफन करतो.

नायट्रेट १५. दर रविवारी २४ लिटर पाणी बदल, ०.९ किलो मीठ.

६ एप्रिल

आज ढगाळ, हवा दमट. तेच पंखे, तरी पाणी २८.६ च्या खाली गेलं नाही. हवेतच बाष्प भरलेलं असलं की पंखा काय करणार. मेच्या शेवटापासून हेच होईल, म्हणजे चिलर लागणार. १/६ एचपी पुरेल. प्रश्न जागेचा आहे: चिलर पाण्यातली उष्णता बाहेर फेकतो, स्टँडच्या बंद कपाटात ठेवला तर तीच परत सम्पमध्ये. बाल्कनीच्या भिंतीतून १६ एमएमचे दोन पाइप काढायला ड्रिलवाला शनिवारी येतोय.